राजशैलीचे फ्रेंच फर्निचर: मूळ वस्तू, अनुकृती आणि बनावट

काष्ठवेल

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये घडलेले एखादे लेखनमेज आणि त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच शहरात, बहुतांशी त्याच पद्धतीने घडवलेली त्याची अनुकृती शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांतला फरक समोरून पाहणाऱ्याला सहसा कळत नाही. या विषयावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. आपल्याकडे मात्र ‘लुई’ हे फ्रान्सच्या राजांचे नाव लावून बरेच काही विकले जाते, म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आरंभीच मांडतो. जी अनुकृती आपल्या कर्त्याचे नाव उघडपणे सांगते, ती त्या परंपरेचाच पुढचा भाग आहे आणि तिला दुय्यम मानण्याचे कारण नाही. वस्तूचे वय आणि मालक यांविषयी खोटे सांगितले गेले, की तेथून फसवणूक सुरू होते.

प्रथम मूळ परंपरा पाहू. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याला १६७२ साली चौदाव्या लुईने लूव्रच्या इमारतीत राहण्यास आणि काम करण्यास जागा दिली. कासवाची पाठ आणि पितळी पत्रा एकमेकांवर ठेवून, एकाच नक्षीत दोन्ही एकदम करवतीने कापायचे आणि मग एकाचा कापलेला भाग दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा, ही पद्धत त्याने शोधली नाही, पण ती त्याने इतकी परिपूर्ण केली की आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. या पद्धतीत एका कापणीतून दोन संच निघतात. एकात कासवाच्या गडद पार्श्वभूमीवर पितळेची नक्षी उमटते, तर दुसऱ्यात पितळेच्या पार्श्वभूमीवर कासवाची. त्यामुळे पुष्कळदा एकाच आकाराची दोन कपाटे उलट्या रंगसंगतीत जोडीने केली जात. १७०८–०९ साली व्हर्सायच्या आवारातील ग्राँ त्रियानों या छोट्या राजवाड्यासाठी बूलने केलेली खणांची दोन पेटीवजा कपाटे आज व्हर्सायमध्ये आहेत, आणि पुढे शतकभर ‘कमोड’, म्हणजे खणांचे बुटके कपाट, म्हणून जे फर्निचर सर्वत्र पसरले त्याच्या पूर्वजांत त्यांची गणना होते.

पॅरिसमधील बाकीचे कारागीर आपल्या व्यवसायाच्या संघाच्या (गिल्डच्या) शिस्तीत बांधलेले होते. भरीव लाकडाच्या खुर्च्या, पलंग आणि चौकटी करणारे ते मेन्युझिए, आणि लाकडी सांगाड्यावर मौल्यवान लाकडाचा पातळ थर, म्हणजे आज आपण ज्याला व्हिनियर म्हणतो तो, चढवून जडावकाम, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांची नक्षी, करणारे ते एबेनिस्ट. संघ एकच, पण कामे वेगळी. संघाच्या १७४३ च्या नियमांनुसार (त्यांची नोंदणी १७५१ साली झाली) प्रत्येक उस्तादाने आपल्या कामावर नावाचा लोखंडी ठसा उमटवणे बंधनकारक झाले. हा ठसा संगमरवरी फळीच्या खाली, मागच्या खांबावर किंवा खुर्चीच्या बैठकीच्या आतील कडेवर सापडतो. राजवाड्याच्या आश्रयाने काम करणाऱ्यांना मात्र संघाचे नियम लागू नव्हते, त्यामुळे राजासाठी घडलेल्या कित्येक उत्कृष्ट वस्तूंवर ठसाच नसतो. ठसा नाही म्हणून वस्तू हलकी आणि ठसा आहे म्हणून वस्तू अस्सल, असा सरळ हिशेब करणारे नेहमी गोत्यात येतात.

ब्राँझचे काम हा आणखी वेगळा प्रांत होता. कपाटाच्या कडांवर, पायांवर आणि कुलुपांभोवती जी सोनेरी पाने, मुखवटे आणि वेली दिसतात, त्या ओतण्याचा आणि त्यांवर मुलामा चढवण्याचा अधिकार ओतकाम करणाऱ्यांच्या आणि मुलामेकाऱ्यांच्या संघांकडे होता. शार्ल क्रेसाँ (१६८५–१७६८) हा स्वतः शिल्पकार होता. आपल्या कपाटांवरील ब्राँझ आपल्याच देखरेखीखाली व्हावे असा त्याचा आग्रह होता, आणि त्यापायी त्याला त्या संघांच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. क्रेसाँच्या ब्राँझमधील चेहरे आणि इतरांचे चेहरे यांतला फरक एकदा डोळ्यांत भरला, की त्याचा हट्ट का होता हे कळते. ते कपाटावर लावलेले दागिने वाटत नाहीत, कपाटाच्या देहातून उगवल्यासारखे वाटतात.

या सगळ्या कौशल्यांचा संगम पाहायचा असेल, तर पंधराव्या लुईचे व्हर्सायमधील लेखनमेज, म्हणजे ‘ब्युरो द्यु र्वा’, समोर ठेवावे. जाँ-फ्रांस्वा ओएबेनने १७६० साली ते सुरू केले. १७६३ मध्ये ओएबेन वारला, कारखाना त्याच्या पत्नीच्या नावे चालू राहिला आणि तेथेच काम करणाऱ्या जाँ-आँरी रीझनेरने १७६९ मध्ये मेज पूर्ण केले. रीझनेरने ओएबेनच्या विधवेशी विवाह केला होता. मेजावर त्याने जडावातच आपले नाव, वर्ष आणि पॅरिसच्या आर्सेनालमधील पत्ता नोंदवला. नऊ वर्षे चाललेल्या या कामात नक्षीदार जडाव, दोन्ही बाजूंनी दिसणारे घड्याळ, ब्राँझच्या मूर्ती आणि एक अद्भुत कुलूप आहे. किल्लीच्या पाव फेऱ्यात वरचे गोल झाकण आणि सगळे खण एकदम उघडतात किंवा बंद होतात. बाजूला स्वतंत्रपणे उघडणारे छोटे खण आहेत, म्हणजे राजाच्या कागदांना हात न लावता नोकर दौत भरू शकेल. गुप्ततेची गरज आणि रोजची सोय यांची अशी सांगड घातलेली वस्तू मला तरी दुसरी माहीत नाही.

क्रांतीनंतर व्हर्सायचे सामान विकून टाकण्यात आले. २५ ऑगस्ट १७९३ ते ११ ऑगस्ट १७९४ या काळात चाललेल्या त्या लिलावात १७,१८२ नग होते. रीझनेरने आपलेच काही काम त्या लिलावांतून परत विकत घेतले, पण जुनी गिऱ्हाइके उरली नव्हती आणि रुची बदलली होती. राजाच्या मेजावरील लुईची आद्याक्षरे काढून तेथे सेव्रच्या चिनी मातीच्या फरशा बसवण्याचे कामही १७९४ मध्ये त्यालाच करावे लागले. १७९१ मध्ये संघही बरखास्त झाले होते. ठसा उमटवण्याची सक्ती गेली, आणि शिकाऊ, कारागीर, उस्ताद ही जी साखळी कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे पोचवत होती, तिचा कायदेशीर आधारही गेला.

अनुकृतींचा इतिहास येथून सुरू होतो असे सहसा सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. सोळाव्या लुईच्या काळातच एत्येन लव्हासर आणि मोंतिन्यी हे एबेनिस्ट बूलच्या शैलीत नव्याने कपाटे करत होते आणि बूलच्या जुन्या वस्तू दुरुस्त करत होते. म्हणजे पूर्वजांची नक्कल करणे हा राजाश्रयाच्या काळातही मान्य व्यवसाय होता. जपानी लाखकामाची हुबेहूब छटा आणणारे मार्तां बंधूंचे रोगण हेही त्या शतकातलेच. १७४२ मध्ये श्वाझीच्या राजवाड्यासाठी मात्यू क्रिआर्दने घडवलेले निळे-पांढरे कमोड, जे आज लूव्रमध्ये आहे, तशाच रोगणाने नटलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र या प्रवाहाला पूर आला. तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी युजेनी हिला सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्याविषयी कमालीची ओढ होती. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी व्हर्सायच्या आवारातील ‘पती त्रियानों’ या छोट्या राजवाड्यात त्या राणीच्या स्मृत्यर्थ खास प्रदर्शन भरले, आणि सोळाव्या लुईची शैली पुन्हा दरबारी झाली. त्याच सुमारास हर्टफर्डचे चौथे मार्क्वेस (१८००–१८७०) या इंग्रज उमरावांनी राजाच्या मेजाची प्रत करवून घेतली. ती आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये, त्यांच्या अस्सल संग्रहाच्या सोबतच उभी आहे. पुढे आँरी दासाँ (१८२५–१८९६), ब्यर्दले घराणे आणि बोहेमियातून पॅरिसला आलेला फ्रांस्वा लिंके (१८५५–१९४६) यांनी हा व्यवसाय शिखरावर नेला. दासाँने केलेली राजाच्या मेजाची प्रत १८७८ च्या प्रदर्शनात होती. लिंकेचे कारखाने फोबूर सँ-आंत्वान या सुतारांच्या जुन्या पेठेत होते. १९०० च्या प्रदर्शनात त्याने लेओं मेसाजे या शिल्पकाराच्या साहाय्याने जे काम मांडले, ते शुद्ध अनुकृती नव्हते. पंधराव्या लुईच्या वळणांना नव्या शतकाची लय देणारे ते स्वतंत्र काम होते. या तिघांनीही आपापल्या वस्तूंवर नाव घातले. ब्यर्दलेच्या ब्राँझच्या मागील बाजूस ‘बीवाय’ ही अक्षरे ठोकलेली सापडतात, लिंकेच्या ब्राँझवर ‘एफएल’. हे कारागीर कोणाला फसवत नव्हते.

ज्यांना प्रत्यक्ष लाकूडकामाची माहिती आहे, त्यांनी तपासणीच्या बाजूने भर घालावी, अशी विनंती आहे.

पटाशी

काष्ठवेल, लेख अत्यंत आवडला. मी स्वतः जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून हाताला आणि डोळ्याला जे कळते ते लिहितो.

अशी वस्तू समोर आली की सर्वांत आधी तिच्या मागे आणि खाली जावे. पॅरिसच्या जुन्या कपाटाचा सांगाडा बहुधा ओकचा किंवा पाइनचा असतो, आणि मागच्या फळ्या दिसणार नाहीत म्हणून साध्याच ठेवलेल्या असतात. हाताने ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ पण असमान अंतराच्या दिसतात. त्या रेघा एकाच त्रिज्येच्या गोलाईत वळलेल्या दिसल्या, तर फळी यांत्रिक गोल करवतीने कापलेली आहे आणि ती फळी तरी अठराव्या शतकातली नाही, हे निश्चित. तीच गोष्ट स्क्रूंची. जुन्या हाताने घडवलेल्या स्क्रूच्या डोक्यावरील खाच मध्यावर नसते आणि त्याचे टोक बोथट असते. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास मिळू लागले. अर्थात दुरुस्तीत नवे स्क्रू बसवलेले असू शकतात, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

व्हिनियरची जाडी ही माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी खूण आहे. अठराव्या शतकात पातळ थर करवतीने कापले जात, त्यामुळे त्यांची जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर, कधी त्याहून अधिक असते. आज सुरीने सोललेले व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. कुलुपाच्या कडेला किंवा तुटलेल्या कोपऱ्यात हा थर पाहता येतो. चांगल्या अनुकृती करणाऱ्यांनी मात्र करवतीने कापलेला जाड थरच वापरला, त्यामुळे जाडी आहे म्हणून वस्तू अस्सल, असे म्हणता येत नाही. जाडी नसेल, तर मात्र शंका घ्यायलाच हवी.

चिकटवण्यासाठी जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून केलेला सरस गरम करून वापरत. आपल्याकडेही जुने मिस्त्री तोच वापरायचे. सरसाचा मोठा गुण असा, की उष्णता आणि ओलावा दिला की तो सुटतो, त्यामुळे दोनशे वर्षांनीही जडाव न मोडता उचलता येतो. आजचा पांढरा फेव्हिकॉल वाळला की मागे फिरत नाही, म्हणून जुन्या वस्तूला तो लावणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीचे दार बंद करणे होय.

रंगाविषयीही एक गोष्ट सांगतो. आज ही कपाटे मधासारखी तपकिरी दिसतात म्हणून ती तशीच केली होती, असा समज आहे. मुळात जडावातील पांढरे लाकूड हिरव्या, निळ्या, लाल रंगांत बुडवून घेतलेले असे. पानांची छाया दाखवण्यासाठी त्या तुकड्यांची कड गरम वाळूत धरून करपवत असत. बाहेरचा पृष्ठभाग उजेडाने फिका पडला, पण खणाच्या आत किंवा झाकणाच्या खालच्या बाजूस मूळ रंग कधी कधी शिल्लक असतो. वॉलेस कलेक्शनसह ब्रिटनमधील तीन संग्रहांनी रीझनेरच्या फर्निचरचा मिळून अभ्यास केला, तेव्हा हे मूळ रंग पुन्हा उभे करून दाखवण्यात आले, आणि ते पाहून अनेकांना धक्का बसला, इतके ते भडक होते.

सह्यकडा

ब्राँझविषयी पटाशी यांनी काही लिहिले नाही, म्हणून विचारतो. मुलाम्यावरून काळ ओळखता येतो का?

काष्ठवेल

पुष्कळ अंशी येतो. जुन्या पद्धतीत सोने आणि पारा यांचे मिश्रण ब्राँझवर लावून ते निखाऱ्यांवर तापवत. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने धातूला धरून राही. ही वाफ मुलामेकाऱ्यांच्या अंगात भिनत असे. त्यांचे हात थरथरत, दात पडत आणि पुष्कळांचा अकाली मृत्यू होई. आंत्वान-आंद्रे राव्हरिओ या ब्राँझकाराला ही गोष्ट इतकी जिव्हारी लागली होती, की १८१४ मध्ये मरताना त्याने या विषबाधेपासून बचावाचा उपाय शोधणाऱ्यास ३,००० फ्रँकचे पारितोषिक ठेवले. ते दार्से या रसायनतज्ज्ञाला मिळाले. त्याने वाफ ओढून नेणाऱ्या भट्टीची रचना सुचवली आणि १८१८ मध्ये या मुलाम्याविषयीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. अठराव्या शतकातील सोनेरी ब्राँझ पाहताना ही किंमत आठवणे मला आवश्यक वाटते, आणि संग्रहालयांतील पाट्यांवर ती लिहिलेली नसते याचे मला वाईट वाटते.

१८४० च्या सुमारास विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत आली. तिने चढलेले सोने तुकड्याच्या पाठीवरही सारखेच पसरते. पाऱ्याच्या पद्धतीत पाठीमागे केवळ ओघळ किंवा डाग सापडतात, कारण तेथे सोने घालवणे कोणालाही परवडणारे नव्हते. पुढच्या बाजूस जुन्या कामात काही भाग मुद्दाम निस्तेज ठेवलेला आणि काही घासून चमकवलेला असतो, आणि या दोन्हींच्या मिलाफातच त्या कामाचा जीव आहे. दासाँ आणि ब्यर्दले यांनी उत्तम वस्तूंसाठी पाऱ्याचा मुलामाच चालू ठेवला, म्हणून त्यांचे ब्राँझ ओळखणे कठीण जाते.

आणखी एक गोष्ट. अस्सल ब्राँझवरून साचा घेऊन नवा तुकडा ओतला, तर थंड होताना धातू आकसतो आणि नवा तुकडा किंचित लहान निघतो. शिवाय पाकळीच्या शिरा, केसांच्या बटा बोथट होतात. ओतल्यानंतर छिन्नीने पुन्हा काम केले नाही, तर ती बोथटता तशीच राहते. कारागिराने किती वेळ दिला आहे, हे त्या शिरांवरून कळते.

१७४५ ते १७४९ या काळात तांबे असलेल्या धातूच्या वस्तूंवर कर होता आणि कर भरल्याची खूण म्हणून मुकुटाखाली ‘सी’ हे अक्षर ठोकले जाई. ते सापडले तर ब्राँझ त्या चार वर्षांत बाजारात होते, एवढे कळते. तो तुकडा नवीन होता की जुना, हे त्यावरून ठरत नाही.

दिवाणखाना

धागा वाचून एक प्रश्न पडला आणि तो थोडा विरोधाचा आहे. काष्ठवेल यांनी अनुकृतींचा इतका सन्मान केला आहे, की मला ते थोडे अतिरेकी वाटते. ओएबेन आणि रीझनेर यांना नऊ वर्षे लागली, कारण ते कोणाचेही नसलेले काहीतरी करत होते. दासाँ किंवा लिंके यांच्यासमोर उत्तर आधीच होते. कौशल्य कितीही असले, तरी कल्पनेचा धोका त्यांनी पत्करलेला नाही. आपल्याकडे लग्नमंडपांत जे सोनेरी काठांचे, वळणदार पायांचे सोफे मंचावर ठेवतात, तेही याच अनुकृतींच्या परंपरेतून आले आहेत. मग त्यांनाही ‘पुढचा भाग’ म्हणायचे का?

काष्ठवेल

प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता येणार नाही. लग्नमंडपातील सोफ्याबद्दल प्रथम सांगतो. पंधराव्या लुईच्या खुर्चीचा पाय जो वळतो, तो बैठकीच्या चौकटीतून सलग वाहत येतो. बैठक, पाय आणि हात यांच्यात सांधा दिसू नये ही त्या शैलीची सगळी धडपड होती. सोळाव्या लुईच्या काळात ते सोडून सरळ, खोबणीदार पाय आले, आणि पाय जेथे चौकटीला मिळतो तेथे फूल कोरलेला चौकोनी ठोकळा बसवला गेला, म्हणजे सांधा लपवण्याऐवजी तो मिरवला. जॉर्ज जाकोब (१७३९–१८१४) याच्या खुर्च्यांत हे फार सुंदर दिसते. मंडपातील सोफ्यावर पुष्कळदा दोन्ही शैलींची लक्षणे एकाच वस्तूवर चिकटवलेली असतात, कारण करणाऱ्याने मूळ वस्तू पाहिलेली नसते, तिच्या छायाचित्राचे छायाचित्र पाहिलेले असते. म्हणून मी त्यांना त्या परंपरेत धरत नाही. उत्सवाला शोभा आणण्याचे त्यांचे काम ते करतात, आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

दासाँ आणि लिंके यांच्याविषयी मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. राजाच्या मेजाची प्रत करायची, तर केवळ रूप उतरवून भागत नाही. ते गोल झाकण बोटभर धक्क्याने सरकले पाहिजे, किल्लीच्या पाव फेऱ्यात सगळे खण सुटले पाहिजेत, आणि शेकडो जडाव-तुकडे वळणदार पृष्ठभागावर न फाटता बसले पाहिजेत. हे उत्तर समोर असूनही ते प्रत्येक कारागिराला पुन्हा शोधावे लागते, कारण मूळ मेज उघडून आतली यंत्रणा कोणी कोणाला लिहून दिलेली नव्हती. संघ मोडल्यावर ही विद्या जगली ती अशा कामांमुळेच. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये एकोल बूल ही शाळा निघाली, ती याच पेठेतील व्यवसायांसाठी, आणि आज व्हर्सायच्या फर्निचरची दुरुस्ती करणारे कित्येक हात त्याच शाळेत तयार झाले आहेत. अनुकृती करणाऱ्यांची पिढी मध्ये नसती, तर आज अस्सल वस्तू दुरुस्त करणारे कोणी उरले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

खरी फसवणूक कशी असते, त्याचे अलीकडचे उदाहरण फ्रान्समध्येच आहे. अठराव्या शतकातील खुर्च्यांचा जगन्मान्य जाणकार असलेला एक तज्ज्ञ आणि व्हर्सायसाठी काम केलेला एक निष्णात कारागीर यांनी मिळून राजघराण्याच्या नावावर खुर्च्या बनवल्या. जुनेच लाकूड, योग्य सांधे, योग्य ठसे आणि योग्य कागदपत्रांशी जुळणारी कहाणी, असे सर्व काही त्यांत होते. मारी आंत्वानेतच्या त्रियानोंतील एका मंडपासाठी केलेल्या म्हणून सांगितलेल्या दोन खुर्च्यांना २०१३ मध्ये फ्रान्सने राष्ट्रीय ठेवा घोषित केले, आणि पुढे त्या २० लाख युरोंना कतारच्या राजघराण्यातील व्यक्तीला विकल्या गेल्या. व्हर्सायच्या राजवाड्यानेही अशा काही खुर्च्या विकत घेतल्या होत्या. २०१६ मध्ये प्रकरण उघडकीस आले आणि जून २०२५ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली. त्या कारागिराने तेच काम स्वतःच्या नावाचा ठसा घालून केले असते, तर तो आज दासाँच्या पंक्तीत बसला असता. ज्याच्या हातात एवढी विद्या होती, त्याने ती मेलेल्या माणसाच्या नावाखाली गाडली, याचे दुःख मला त्या पैशांहून अधिक वाटते.

दिवाणखाना

उत्तर पटले, विशेषतः संघ मोडल्यानंतरच्या पिढीविषयीचे. तरीही कल्पनेच्या धोक्याचा माझा मुद्दा मी मागे घेत नाही. लिंके आणि मेसाजे यांनी १९०० मध्ये जे केले, ते मला म्हणूनच इतरांच्या प्रतींपेक्षा श्रेष्ठ वाटते.

काष्ठवेल

त्याविषयी आपले दुमत नाही. लिंकेला निवड करायला सांगितली असती, तर त्यानेही तेच पुढे ठेवले असते.

मांडवीकाठ

आमच्या मुंबईच्या घरी पणजोबांच्या वेळचे एक कमरेएवढ्या उंचीचे काळे कपाट आहे. त्याच्या दारांवर लालसर कासवासारख्या पार्श्वभूमीवर पितळेची बारीक वेल आहे, कडांना सोनेरी मुखवटे आहेत आणि वर पांढरा संगमरवर आहे. त्याच्याबरोबर शिसवीचे कोरीव कोच आणि खुर्च्याही आहेत. गेल्या काही पावसाळ्यांपासून कपाटाचे पितळ जागोजागी उचलले गेले आहे. हे बूलचे काम असू शकेल का, आणि उचललेले पितळ कसे बसवावे?

पटाशी

कपाट पाहिल्याशिवाय कर्ता सांगता येणार नाही, पण पितळ का उचलले गेले ते सांगता येते. खालचे लाकूड मुंबईच्या पावसाळ्यात ओलावा शोषून आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पितळेवर ओलाव्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे दोघांमधला सरस दरवर्षी ताणला जातो आणि शेवटी सुटतो. जेथे सुटले आहे तेथे पितळ हाताने दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण पट्टी वाकली की तिची लांबी वाढते आणि ती पुन्हा खाचेत बसत नाही. लहान खिळे मारून बसवलेली पितळी पट्टी मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्या खिळ्यांनी शेजारचे कासव फुटलेले असते. उचललेल्या पट्ट्यांवर पातळ कागद हलकेच चिकटवून ठेवावा, म्हणजे झाडताना फडके अडकून तुकडा हरवणार नाही. ब्रासोने पितळ घासू नये. त्याची पांढरी भुकटी खाचांत शिरते आणि नक्षीतील कोरलेल्या बारीक रेषा झिजतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवावे. बाकीचे काम सरस वापरणाऱ्या जाणत्या माणसाकडून करवून घ्यावे.

काष्ठवेल

मांडवीकाठ, वर्णनावरून हे तिसऱ्या नेपोलियनच्या काळातले, म्हणजे १८५० ते १८७० च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे काम असण्याची शक्यता अधिक आहे. काळा रंग दिलेले लाकूड, कंबरेएवढी उंची, पांढरा संगमरवर आणि कासवाखाली लाल रंग, ही त्या काळच्या बूल-शैलीच्या फर्निचरची नेहमीची लक्षणे आहेत. त्या काळी ते फार मोठ्या संख्येने झाले, आणि त्यांत उत्तमापासून अगदी साधारणापर्यंत सर्व दर्जे आहेत. पितळेवरील वेलीत पानांच्या शिरा हाताने कोरलेल्या आहेत, की वेल नुसती सपाट कापलेली आहे, ते भिंगाने पाहावे. कोरलेल्या शिरा असतील तर दर्जा चांगला. मुखवट्यांपैकी एखादा सैल असेल, तर त्याची पाठ पाहावी आणि कुलुपाच्या पट्टीवर नाव आहे का तेही पाहावे, कारण दासाँसारखे लोक तेथेही नाव घालत.

शिसवीच्या खुर्च्यांविषयी वेगळे सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचे अतिशय दाट कोरीव फर्निचर होत असे आणि ते ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने परदेशीही जात असे. आकार पुष्कळदा युरोपातील पंधराव्या लुईच्या पुनरुज्जीवित शैलीचे असत, पण कोरीव काम सर्वस्वी येथले, आणि लाकूड भरीव. व्हिनियरचा त्यात संबंध नाही. पॅरिसच्या एबेनिस्टांचे जांभळट आणि गुलाबी लाकूड ब्राझीलहून येई. तेही शिसवीच्याच कुळातले, म्हणजे डालबर्जिया या वंशातले आहे. तुमच्या घरी पॅरिसच्या शैलीचे कपाट आणि मुंबईचे कोरीव काम दोन्ही एकत्र आहेत, आणि माझ्या मते त्या कोच-खुर्च्यांचे मोल कपाटापेक्षा कमी नाही.

विकण्याचा किंवा परदेशी नेण्याचा विचार असेल, तर आधी कायदा पाहावा. कासवाची ही पाठ ज्या जातीची असते ती हॉक्सबिल जात आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारातही तिला मनाई आहे. डालबर्जियाच्या सर्व जाती (आधीच पहिल्या परिशिष्टात असलेली डालबर्जिया नायग्रा सोडून) २ जानेवारी २०१७ पासून साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या आहेत. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत. दुरुस्तीसाठी नवे कासव मागवू नये आणि कोणी देऊ केले तरी घेऊ नये. तुटलेल्या जागी रंगवलेले शिंग किंवा रेझिन वापरता येते, आणि काय बदलले याची लेखी नोंद कपाटाच्या आत ठेवता येते. मागच्या फळ्यांची, कुलुपाची आणि एका सैल मुखवट्याच्या पाठीची छायाचित्रे येथे टाकलीत, तर पटाशी आणि मी दोघेही पाहू.